सायकल थांबली आणि मी पडले: साताऱ्यात नव्याने सायकल चालवणाऱ्यांसाठी

पोवई नाक्यावर वाहतूक पोलिसाने हात दाखवला. मी ब्रेक दाबले, सायकल नीट थांबली आणि ती थांबल्यावर मी डाव्या अंगावर पडले. कुणाचा धक्का नव्हता, खड्डाही नव्हता. कोपऱ्यावरचे दोघंतिघं हसले. एका भाजीवाल्या बाईंनी विचारलं, "वैनी, लागलं का ओ?" मी "नाही नाही, काही नाही" म्हणत सायकल उचलली आणि मान खाली घालून तिथून निघाले. हँडल वाकडं झालंय हे पुढच्या उतारावर कळलं. मनगट दुखत होतं, ते घरी कुणालाच सांगितलं नाही. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. बारा दिवसांनी दुसरा काढला, तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या छोट्या हाडाला तडा दिसला. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता.

तेव्हा मी ४४ वर्षांची होते आणि सायकल घेऊन तीन आठवडे झाले होते. त्यानंतर माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणींनी आणि काही निवृत्त मंडळींनी सायकल घेतली. त्यांच्या पडण्याच्या गोष्टी ऐकताना माझ्या लक्षात आलं की जवळजवळ सगळे एकाच तऱ्हेने पडतात: थांबताना, निघताना, जागेवर वळताना किंवा साइडपट्टीवरून डांबरावर चढताना. पडण्याने जेवढं लागतं, त्याहून जास्त नुकसान तिथून लवकर सटकण्याच्या घाईने होतं. लाजेपायी सायकल तपासायची राहते, जखम झाकली जाते आणि काही जण तर सायकल कायमची जिन्याखाली लावून टाकतात. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. ट्रकची धडक किंवा घाटातला मोठा अपघात हा यातला विषय नाही.

१. आधी एवढं जवळ हवं

हत्यारं थोडीच लागतात. ४, ५ आणि ६ नंबरच्या अॅलन चाव्या, १५ नंबरचा पाना आणि हवेचा पंप. पायडल काढायची वेळ आली तर एक ध्यानात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सुलटं समजून जोर लावणाऱ्याचा पाना सटकतो आणि बोटं सोलून निघतात.

पिशवीत साध्या पाण्याची बाटली, निर्जंतुक गॉजची दोन पाकिटं, चिकटपट्टी आणि क्रेप बँडेज ठेवा. हेल्मेट हवंच. बोटं उघडी असलेले सायकलचे हातमोजेही घ्या, कारण पडताना माणूस पहिल्यांदा तळहात टेकतो.

कागदपत्रांपैकी खिशात एक चिठ्ठी असू द्या. तिच्यावर नाव, रक्तगट, घरच्या दोघांचे फोन नंबर, चालू असलेली औषधं आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते वर्ष लिहा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती सगळ्यात वर. मोबाइलला कुलूप असतं, चिठ्ठीला नसतं. सायकलच्या बिलाचा आणि फ्रेमवरच्या नंबराचा फोटो काढून ठेवा. फ्रेमचा नंबर बहुतेक वेळा, पायडलचे दांडे जिथे फ्रेमला जोडलेले असतात त्या आडव्या नळीच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो.

२. सायकल आपल्या मापाची करून घ्या

दुकानातून आणलेली सायकल तशीच चालवू नका. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ झाला की उंची बरोबर. याच उंचीवर, पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवून चालवलं की गुडघ्यात थोडा बाक राहतो.

इथे पहिली अडचण येते. सीट या उंचीवर असली की बसल्या जागेवरून पाय जमिनीवर पुरा टेकत नाही, घाबरायला होतं, आणि मग सीट पार खाली घेतली जाते. सुरुवातीचे आठ-दहा दिवस ती खाली ठेवा, काही बिघडत नाही. पण कायम तशीच ठेवली तर गुडघे बोलायला लागतात आणि थांबायची खरी रीत शिकायची राहून जाते.

पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे तेही बघून घ्या. आपल्याकडे तो बहुधा उजव्या हाताला असतो, पण काही सायकलींना डावीकडे असतो. सायकल हाताने पुढे ढकला आणि एकेक ब्रेक दाबून पाहा.

३. थांबायला शिका

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण हे कुणी शिकवतच नाही. लहानपणी मागून सीट धरणारा "पायडल मार, पुढं बघ" एवढंच सांगतो.

सायकल उभी कशी राहते ते आधी समजून घ्या. चाकं भोवऱ्यासारखी गरगरतात म्हणून ती तोलून राहते असं आपण ऐकलेलं असतं. २०११ साली संशोधकांनी चाकांचा हा भोवऱ्यासारखा परिणाम मुद्दाम रद्द केलेली सायकल बनवली, आणि ढकलून दिल्यावर तीही स्वारावाचून तोल सावरत गेली. ज्या बाजूला तोल जातो त्या बाजूला हँडल जरासं वळतं आणि चाकं पुन्हा आपल्या वजनाखाली येतात, हा त्यातला मोठा भाग. वेग असला की हे वळवणं इतकं बारीक असतं की कळतही नाही. वेग कमी झाला की हँडल जास्त वळवावं लागतं. वेग शून्य झाला की हँडल कितीही वळवा, चाकं वजनाखाली येत नाहीत. म्हणून सायकल थांबायच्या क्षणी पाय जमिनीवर पोचलेला हवा. थांबल्यावर पाय शोधायला गेलं की पडणं ठरलेलं.

पोवई नाक्यावर माझं हेच चुकलं होतं. मी सीटवर बसूनच थांबले, डावा पाय खाली सोडला, आणि डांबराची कड माझ्या अंदाजापेक्षा चार बोटं खाली होती.

रीत अशी:

थांबायच्या वीस-पंचवीस पावलं आधी पायडल मारणं बंद करा आणि दोन्ही ब्रेक हलके धरा. उजवं पायडल खाली येऊ द्या, त्यावर वजन टाका आणि सीटवरून पुढे उतरा, म्हणजे तुम्ही उजव्या पायडलवर उभे आहात आणि सीट तुमच्या मागे आहे. सायकल थांबत आली की अंग किंचित डावीकडे झुकवा आणि डावा पाय जमिनीवर टेकवा. सायकल तुमच्या डाव्या पायावर कललेली राहील. उजवा पाय पायडलवरच राहतो.

डावाच पाय का? आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, त्यामुळे तोल गेलाच तर वाहनांच्या बाजूला जात नाही. चेनही उजवीकडे असते, तेवढा पाय तिच्यापासून लांब राहतो. याला एक अपवाद आहे. आपलं सातारा उताराचं गाव, आणि कित्येक ठिकाणी डावीकडे रस्ता खाली गटाराकडे उतरतो. अशा जागी पाय टेकायला जमीन सापडत नाही. मग थोडं आधीच थांबा किंवा सपाट तुकडा बघून थांबा.

रविवारी सकाळी जवळच्या मैदानावर जा, जमिनीवर खडूने किंवा विटेच्या तुकड्याने रेघ ओढा आणि त्या रेघेवर तीस वेळा थांबा. सायकल चालवायची नाही, फक्त थांबायचं. दोन रविवारांत पाय आपोआप जातो.

४. निघताना

उजवं पायडल वर आणून थोडं पुढे ठेवा, घड्याळात दोन वाजतात त्या जागी. ब्रेक सोडा, त्या पायडलवर जोर देऊन उभं राहा, सायकल पुढे सरली की सीटवर बसा. जमिनीवरच्या पायाने घसटत, ढकलत निघणं सोडून द्या. त्यात वेग येत नाही आणि सायकल डुलते.

गिअरची सायकल असेल तर थांबण्याआधीच गिअर हलका करा. चेनचे गिअर पायडल फिरत असतानाच बदलतात. समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाटाला लागल्यावर दम खायला थांबलेले लोक जड गिअरमध्येच पुन्हा निघायला बघतात. पायडल अर्धं फिरतं, अडतं, आणि माणूस तिथेच आडवा होतो. चढावर निघायला जमत नसेल तर सायकल हातात धरून पुढच्या जरा सपाट जागेपर्यंत चालत जा. घाटात सायकल ढकलत नेण्यात काहीही कमीपणा नाही.

५. जागेवर वळताना

गल्लीत सायकल फिरवून घेताना पुढचं चाक बुटाच्या टोकाला लागून पडल्याचं तुम्हीही पाहिलं असेल. लहान मापाच्या फ्रेमला हे हमखास होतं. उभं राहून पायडल पुढे आडवं धरा, हँडल वळवा आणि चाक बुटाला लागतं का बघा. लागत असेल तर तंग वळणात पायडल फिरवू नका. वळायच्या आतल्या बाजूचं पायडल वर ठेवा आणि तसंच वळा. वळताना पुढचा ब्रेक दाबू नका, मागचा हलका धरा. आणि नजर चाकावर नको, जिथे जायचंय तिथे ठेवा.

६. रस्ता ओळखा

साइडपट्टी. साताऱ्यातून बाहेर पडलात की सगळ्यात जास्त लोक इथेच पडतात. मागून एसटीचा हॉर्न येतो, आपण डांबरावरून खाली मुरमावर उतरतो. एसटी जाते आणि आपण चालत्या सायकलवरच हळूहळू परत वर यायला बघतो. डांबराची कड दोन-तीन इंच उंच असते. चाक तिला घासत समांतर जातं, वर चढत नाही, हँडल वळेनासं होतं आणि तोल जातो. तोही डांबराकडे, म्हणजे वाहनांच्या बाजूला. यावर एकच उपाय: मुरमावर उतरलात की वेग कमी करा, थांबा, मागे बघा, सायकल उचलून वर ठेवा आणि नव्याने निघा. एसटी आपल्यासाठी थांबत नाही, पण आपण दहा सेकंद थांबू शकतो. सवय झाल्यावर कडेला काटकोनाच्या जवळपास जाऊन, पुढचं चाक हलकं करून चढता येतं. पहिले सहा महिने तो प्रयोग नको.

उसाचा हंगाम. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की कोरेगाव रस्त्याला, संगम माहुलीकडे जाताना, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून पडलेली कांडी आणि पाचट रस्त्यावर दिसतं. कांडं चाकाखाली लाटण्यासारखं फिरतं. त्यावर जायचीच वेळ आली तर हँडल सरळ ठेवा आणि ब्रेक सोडा. ट्रॉलीच्या मागे चिकटून तर अजिबात जाऊ नका.

पहिला पाऊस. सुकलेल्या रस्त्यावर साठलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरींत वर येते, म्हणून जूनमधला पहिला अर्धा तास सगळ्यात निसरडा. पुढे कासच्या रस्त्यावर लाल चिखल आणि कडेला शेवाळ असतं. सप्टेंबरात पठारावर फुलं आली की गाड्यांची रीघ लागते, आणि कडेला सरकावं लागलं की चाक नेमकं त्या शेवाळावर जातं. कास पाहायचंच असेल तर उजाडताना निघा. पावसात झेब्रा पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं आणि रंगवलेले गतिरोधक यांवर सरळ जा. तिथे वळणं नको आणि ब्रेकही नको.

गटारावरच्या जाळीचे गज रस्त्याला समांतर असतील तर बारीक टायर त्यात अडकतं. अशी जाळी दिसली की तिला टाळूनच जा.

७. कपडे आणि ओझं

ओढणी मागे गाठ मारून किंवा कमरेला बांधून घ्या. साडीवर चालवत असाल तर पदर खोचा आणि चेनगार्ड पुरा झाकणारा आहे ना ते बघा. पँटची उजवी मोहरी रबराने बांधा, बुटाची नाडी आत खोचा. दळणाचा डबा हँडलला अडकवू नका. तो झुलला की हँडल वळतं आणि हळू वेगात ते सावरता येत नाही. मागे कॅरिअरवर बांधा.

८. क्लिटचे बूट घेतले असतील तर

वर्षभराने लांबच्या फेऱ्या सुरू झाल्या की कुणीतरी हे बूट घ्यायला लावतं. बुटाच्या तळाला पट्टी असते, ती पायडलमध्ये खटकन अडकते. पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. वर किंवा मागे ओढून तो सुटत नाही, आणि घाबरल्यावर माणूस नेमका तेच करतो. गाडी मधेच आली, सायकल थांबली, पाय अडकलेला, आणि झाडासारखं आडवं. माझ्या ओळखीतल्या, हे बूट घालणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी भोगलंय.

सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९९० साली अशा पायडल-पट्टीची एसपीडी ही पद्धत आणली. त्या प्रकारच्या पायडलवर पकड किती घट्ट हवी ते ठरवणारा स्क्रू असतो. ३ नंबरच्या अॅलन चावीने तो सैल बाजूला फिरवून ठेवा. पट्टी घेताना ५६ नंबरची मागा. नेहमीची ५१ नंबरची फक्त टाच बाहेर फिरवून सुटते, ५६ इतर दिशांनीही सुटते. दाराची चौकट धरून दोन्ही पाय पन्नास-पन्नास वेळा अडकवा आणि सोडवा. रस्त्यावर, थांबायचा विचार मनात आला की लगेच डावा पाय सोडवायचा. थांबल्यावर नाही.

यातला एक धोका फारसा कुणी सांगत नाही. पट्टीच्या दोन स्क्रूंपैकी एक सैल झाला तर बूट फिरतो, पण पट्टी जागची हलत नाही. मग टाच कितीही फिरवा, पाय सुटत नाही. दर पंधरा दिवसांनी ते स्क्रू आवळा.

९. पडलात तर पहिली दोन मिनिटं

लगेच उठू नका. हे वाचायला सोपं आहे. चौकात, दहा जणांच्या नजरेसमोर, फार अवघड जातं, मला माहीत आहे. लाज खरी असते. बायकांना ती जास्त वाटते, कारण "या वयात कशाला हे" असं म्हणणारं कुणी ना कुणी घरात किंवा शेजारी असतंच. तरीही दोन मिनिटं तिथेच काढायची.

वाहनांचा धोका असेल तर आधी कडेला सरका. नसेल तर पडल्या जागी बसा. साताऱ्यात लोक धावून येतात आणि चांगल्या मनाने दंडाला धरून ओढून उठवतात. खांदा किंवा मनगट दुखावलं असेल तर ते ओढणं महागात पडतं. त्यांना काम द्या: "आधी सायकल उचला, मी माझी मी उठते." हे वाक्य पाठ करून ठेवा. सगळ्यांचे हात सायकलकडे जातात.

मग स्वतःला तपासा. डोकं आपटलं का? बोटं हलतात का? मनगट, कोपर, गळ्याचं हाड, गुडघा एकेक करून बघा.

आता सायकल. पुढचं चाक गुडघ्यांत धरा आणि हँडल चाकाशी काटकोनात आहे का बघा. वाकडं असेल तर अॅलन चावीने स्टेमचे, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्याचे, स्क्रू सैल करून सरळ करा आणि पुन्हा आवळा. दोन्ही ब्रेक दाबून पाहा. चाकं उचलून फिरवा, कुठे घासतात का ऐका. चेन बसवा.

उजव्या अंगावर पडलात आणि गिअरची सायकल असेल तर मागून बघा. मागच्या गिअरचा लोंबता भाग चाकाकडे आत वाकलाय का? तो ज्या छोट्या पट्टीवर असतो ती मऊ धातूची असते आणि आधी तीच वाकते. तशा सायकलवर सगळ्यात हलका गिअर टाकला की हा भाग आऱ्यांत शिरतो, चाक जाम होतं आणि तुम्ही दुसऱ्यांदा पडता. मेकॅनिककडे पोचेपर्यंत मधल्या गिअरवरच राहा.

१०. घरी आल्यावर

घरी सांगा. मी सांगितलं नाही, म्हणून माझा हात बारा दिवस तसाच राहिला.

खरचटलेली जागा वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, खडीचे कण निघेपर्यंत. दुखेल, तरी धुवा. आत राहिलेला कचरा जखम पिकवतो. स्वयंपाकघरातली हळद, चहापूड किंवा टूथपेस्ट जखमेत भरू नका. धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षांहून जास्त झाली असतील आणि जखमेत रस्त्याची माती गेली असेल, तर डॉक्टरांना विचारा.

मनगटावर पडलात आणि अंगठा ताणल्यावर त्याच्या बुडाशी जो खळगा दिसतो तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर "मुरगळलंय" म्हणून मलम चोळत बसू नका. त्या हाडाचा तडा पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. डॉक्टर हाताला आधार देऊन दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. तो चुकवू नका. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो आणि दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही.

डोक्याला मार लागल्यावर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर वाट न बघता दवाखाना गाठा, गरज पडली तर १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी डोकं आपटलं की लक्षणं नसली तरी दाखवून यावं. आपटलेलं हेल्मेट बदला. त्याच्या आतला फोम एकदा दबला की पुन्हा तसं काम करत नाही, वरून चिरा दिसो न दिसो.

आता मुलांचं. हँडलच्या टोकांना रबरी बूच असतं, ते पडलं की लगेच नवीन बसवा. पडताना मुलाच्या पोटात हँडलचं टोक घुसलं तर वरून नुसता गोल वण दिसतो, पण आत यकृताला, प्लीहेला किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते, आणि दुखणं काही तासांनी वाढतं. पोट दुखतंय म्हणाला, उलटी झाली किंवा चेहरा पांढरा पडला की लगेच दवाखान्यात न्या. आणि पँट फाटली म्हणून मुलाला रागावू नका. रागावलं की पुढच्या वेळी ते पोटाचं दुखणं लपवतं.

११. पुन्हा तीच जागा

प्लास्टर निघाल्यावर दोन महिने मी पोवई नाका चुकवून लांबच्या रस्त्याने जात होते. मग एका रविवारी पहाटे सहाला, चौक रिकामा असताना तिथे गेले आणि त्याच जागी दहा वेळा थांबले. डांबराची कड कुठे संपते ते पायाने चाचपून घेतलं. आता तिथे हाताच्या लांबीएवढं आधी थांबते, जिथे डावा पाय पुरा टेकतो. तुम्ही जिथे पडलात तिथे बरे झाल्यावर गर्दी नसलेल्या वेळी एकदा जा, बरोबर कुणालातरी घ्या, आणि पाय नेमका कुठे चुकला ते खाली वाकून बघा.